डोंगरावर जमतं ते पॅरिशमध्ये का जमत नाही? एका पाहुणीचं प्रकरण

बांद्र्याच्या जत्रेच्या, म्हणजे तिथल्या डोंगरावरच्या माउंट मेरी चर्चच्या जत्रेच्या, रांगेत थोडा वेळ उभं राहिलं की लक्षात येतं, आपल्या पुढेमागे असलेले कितीतरी लोक ख्रिस्ती नाहीत. कपाळाला कुंकू, हातात मेणाचं घर. शाळेचं दप्तर पाठीला लावलेला मुलगा आणि त्याची बुरख्यातली आई. नाशिकहून आलेलं सगळं कुटुंब, पिशवीतल्या डब्यासकट. यांच्यापैकी कुणी आदल्या रविवारी चर्चमध्ये गेलेलं नसतं, पुढच्या रविवारी जाणार नसतं. तरीही चाचपडणारा माणूस तिथे फारसा दिसत नाही. आपापल्या पॅरिशमध्ये, म्हणजे वस्तीतल्या नेहमीच्या चर्चमध्ये, मात्र असा एकच माणूस रविवारच्या मिस्साला (सामुदायिक उपासनेला) आला, तरी पाच मिनिटांत तो कावराबावरा झालेला असतो.

हा फरक आमच्यापुढे आला तो आमच्या इमारतीतल्या एका काकूंमुळे. साठीच्या, देवधर्म मनापासून करणाऱ्या, मंगळवारी सिद्धिविनायक न चुकवणाऱ्या. २०२५ च्या सप्टेंबरात त्या पहिल्यांदा माउंट मेरीला गेल्या आणि हरखून परत आल्या. त्यानंतरच्या रविवारी त्या आमच्या पॅरिशमध्ये एकट्या आल्या आणि मिस्सा संपायच्या आतच बाजूच्या दाराने निघून गेल्या. बाई तीच, महिना तोच आणि चर्च दोन. पॅरिशच्या स्वागतगटात आम्ही यावर बरंच बोललो. काकूंशी मी निवांत बसून बोलले ते वेगळंच. त्या सगळ्याची ही मांडणी. काकूंनी लिहायला परवानगी दिली आहे, ‘नाव तेवढं नको गं’ या अटीवर. पॅरिशचं नावही म्हणूनच देत नाही.

डोंगर चढताना

आधी डोंगराबद्दल, कारण तिथलं स्वागत कुणा एका समितीने बसून ठरवलेलं नाही. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, होते आणि आठ तारखेनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते (आठ तारीखच रविवारी आली तर त्याच दिवशी), ती पुढच्या रविवारपर्यंत चालते. २०२५ मध्ये ती १४ ते २१ सप्टेंबर अशी होती. आत्ताची इमारत १९०४ ची, आणि १९५४ साली तिला बॅसिलिकेचा, म्हणजे पोपने मान दिलेल्या खास चर्चचा, दर्जा मिळाला. पण डोंगरावरची भक्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. मूर्तीची मोडतोड झाली, ती नाहीशी झाली आणि पुढे एका कोळ्याला स्वप्न पडून समुद्रात सापडली, अशी आख्यायिका आहे. कोळी तिला मोत माउली म्हणतात आणि तिच्यावर आपला पहिला हक्क आहे असं मानतात. तो हक्क कुणी नाकारत नाही. बाहेरच्यांना तिथे परकं वाटत नाही याचं एक मूळ इथे आहे, असं मला वाटतं. जी देवी जाळ्यातून वर आली, तिच्याकडे जायला कुणाची चिठ्ठी कशाला लागते?

वाटेची सोयही जुनीच. माहीम आणि बांद्रा यांच्यामध्ये खाडी होती आणि होडीने ती पार करावी लागे. १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला तो लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाय यांनी दिलेल्या दीड लाखाहून अधिक रुपयांतून, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही या अटीवर. एका पारशी बाईने बांधवलेल्या रस्त्यावरून हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती डोंगराकडे जाऊ लागले. स्वागताची सुरुवात चर्चच्या दारात होते असं आपण धरून चालतो. इथे ती खाडीच्या अलीकडेच झाली होती.

आता काकू. पितृपक्ष चालू होता. नवस बोलायचे हे दिवस नाहीत, असं सून म्हणाली. त्यावर काकूंचं उत्तर, ‘तिथल्या माउलीला कुठे आलाय पितृपक्ष?’ मुलीच्या घराचं काम अडलेलं होतं, बिल्डर ताबा देत नव्हता. जुन्या ऑफिसातली एक मैत्रीण दरवर्षी जाते, तिच्याबरोबर त्या निघाल्या.

बांद्रा स्टेशनच्या पश्चिमेला उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. जत्रेसाठी बेस्टच्या जादा गाड्या लागलेल्या असतात, कंडक्टर ‘माउंट मेरी, माउंट मेरी’ करून ओरडत असतो, आणि नाही ओरडला तरी गर्दी ज्या बाजूला चालली आहे तिकडे चालायचं. वर जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं. चणे, खाजा, गोड कड्याबोड्या, जपमाळा आणि मेण. मेणाचे हात, पाय, डोळे, हृदय, बाळ, घर, विमान. ज्याचा पाय दुखतो त्याने पाय न्यायचा, ज्याला परदेशी जायचंय त्याने विमान.

या मेणवाल्या बायकांकडे मी गेली काही वर्षं मुद्दाम लक्ष देऊन पाहते. चर्चच्या यादीत त्यांचं नाव कुठेही नसलं तरी पहिल्या स्वागतिका त्याच. काकू एका टोपलीपुढे थांबल्या तेव्हा त्या बाईने त्यांना नाव-गाव-धर्म काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘कशासाठी हाय, बाय?’ घरासाठी म्हटल्यावर तिने दोन घरं काढून पुढे ठेवली, एक कौलारू, एक मजल्यांचं. ‘फ्लॅट असेल तर ही घे.’ सोबत एक लांब मेणबत्ती दिली आणि वर गेल्यावर काय करायचं ते सांगितलं: घर आईच्या पायाशी ठेवायचं, मागायचं ते मनात मागायचं, आणि काम झालं की पुन्हा यायचं. अर्ध्या मिनिटात पाहुणीला तीन गोष्टी मिळाल्या: हातात धरायला काहीतरी, काय करायचं याची माहिती आणि परत यायचं निमित्त. आमच्या स्वागतगटाने छापलेल्या चार पानी पत्रकात यातलं एकही नाही.

पुढे पोलिसांचा बंदोबस्त, पिशव्यांची तपासणी, मग रांग. मुंबईकराला रांगेत उभं राहायला शिकवावं लागत नाही. सिद्धिविनायकाची रांग, हाजी अलीची रांग, लालबागची रांग, सगळ्यांचा नियम एकच: पुढचा सरकला की आपण सरकायचं. आत स्वयंसेवक ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणत असतात, त्यात रागही नसतो आणि लाडही नसतो. मूर्तीसमोर काकूंना किती वेळ मिळाला असेल? घर ठेवलं, हात जोडले, पुटपुटल्या, झालं. बाहेर आल्यावर समोरच्या फातिमा माउलीच्या (हेही मरियेचंच रूप) पायऱ्या, तिथे मेणबत्त्या लावणारे लोक. मग चणे घेतले आणि घरी आल्या. तिथे चर्चच्या दारात चपला काढायला वाकल्या होत्या तेव्हा एका स्वयंसेवकाने ‘राहू द्या मावशी, चालतं’ एवढंच म्हटलं. मला सांगताना हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

एकूण प्रवासात काकूंना चर्चच्या अधिकृत माणसाने उच्चारलेले शब्द मोजायचे तर ते चारपाचच भरतील. तरीही त्यांना वाटलं, आपलं नीट झालं.

आमच्या फाटकात

जत्रा संपल्यानंतरच्या रविवारी काकू आमच्याकडे आल्या. मला त्यांनी सांगितलं नव्हतं. ‘तुला कशाला उगीच त्रास,’ असा त्यांचा विचार. माउली आपल्या जवळच्या चर्चमध्येही असणार, मग बांद्र्यापर्यंत कशाला जायचं, हा त्यामागचा सरळ हिशोब.

फाटकात वॉचमन आहे. त्याने विचारलं, ‘कुणाकडे जायचंय?’ काकूंना उत्तर सुचेना. देवाकडे, असं वॉचमनला कसं सांगणार? ‘चर्चमध्ये,’ म्हणाल्या. त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बोट दाखवलं. आवारात फळा आहे, त्यावर मिस्सांच्या वेळा आहेत, पण सगळं इंग्रजीत आणि भाषांची नुसती आद्याक्षरं. मराठी मिस्सा एकच असते आणि ती वेगळ्या वेळी असते हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्या इंग्रजी मिस्साला येऊन पोचल्या.

दारात आमचे दोन स्वागतक होते, खांद्यावर पट्टे लावून. ते आपसांत फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) जेवणाबद्दल बोलत होते. यात त्यांना फार दोष देता येणार नाही. ओळखीचे लोक सकाळपासून येत असतात, प्रत्येकाशी दोन शब्द होतात, अनोळखी माणूस आला की नेमके तेव्हाच शब्द सापडत नाहीत. त्यांनी हसून पुस्तिका दिली. काकूंनी दाराशी चपला काढल्या. दुसऱ्या कुणाच्याच चपला तिथे नव्हत्या, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्या आत गेलेल्या होत्या. (‘सगळा वेळ माझं अर्धं लक्ष चपलांकडे होतं,’ असं त्या नंतर म्हणाल्या. आमच्या फादरांच्या प्रवचनाशी स्पर्धा करणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे, तिच्यात ही एक भर.)

मागची बाकं भरलेली. आमच्याकडे नेहमीचे लोक मागेच बसतात, मिस्सा संपली की लवकर निघता येतं म्हणून. पुढची चार बाकं जवळजवळ रिकामी असतात. म्हणजे जो नवखा आहे, ज्याला कोपऱ्यात बसून आधी नुसतं पाहायचं आहे, त्याला आम्ही मधल्या वाटेने चालायला लावून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसवतो. काकू तिसऱ्या बाकावर बसल्या. पुढे नजर टाकायला फारसं कुणी नव्हतं, म्हणून शेजारच्या बाई काय करतात ते पाहून त्या करू लागल्या. त्या उठल्या की उठायचं, बसल्या की बसायचं, गुडघ्यावर आल्या की गुडघ्यावर. दानाची थैली आली, शेजारणीने नोट टाकली, काकूंनीही टाकली. शांतीची खूण म्हणून लोक एकमेकांना नमस्कार करू लागले तेव्हा मात्र त्यांना बरं वाटलं. ‘तेवढं मला येत होतं,’ म्हणाल्या.

मग कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याची वेळ. बाकं एकामागून एक रिकामी होऊ लागली. शेजारणीने नम्रपणे बाजूला होऊन त्यांना पुढे जायची वाट करून दिली, जशी कुणीही देतो. काकू रांगेत लागल्या. प्रसाद वाटतायत, ओळीने जायचं, उजवा हात पुढे करायचा. यात त्यांच्या दृष्टीने शंका घेण्यासारखं काही नव्हतं. वाटणाऱ्या सेवकाने त्यांच्या कपाळावरची टिकली पाहिली, पुढे केलेला हात पाहिला, आणि हळूच विचारलं, ‘यू कॅथलिक?’ काकूंना गाण्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, मग मानेनेच बाजूला व्हा अशी खूण केली. मागची रांग थांबली होती. काकू रिकाम्या हाताने, पूर्ण लांबीची वाट तुडवत परत आल्या, बाकावर बसल्याच नाहीत, बाजूच्या दारातून बाहेर पडल्या. चपला पुढच्या दाराला होत्या. त्या घ्यायला वळसा घालून आल्या तेव्हा स्वागतक त्यांना म्हणाला, ‘पुन्हा या हं.’

या सगळ्यात उद्धट कुणीच वागलं नाही. सेवकाने जे केलं ते नियमाला धरून होतं. कम्युनियन हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि त्यासाठी तयारी केलेल्या कॅथलिकांसाठी आहे. आमच्या श्रद्धेच्या गाभ्याची ती गोष्ट आहे आणि पाहुणचार म्हणून ती वाटता येत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

चूक नेमकी कुठे

गटाच्या बैठकीत सगळ्यांनी आधी कम्युनियनच्या क्षणाकडेच बोट दाखवलं. सेवकांना हळुवारपणे नाही म्हणायचं प्रशिक्षण द्यावं, असा ठरावही होण्याच्या बेतात होता. मला तो पटला नाही. काकू त्या रांगेत लागल्या याचं कारण त्याआधीच्या चाळीसेक मिनिटांत आहे. त्या पूर्ण वेळात त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तेव्हा त्यांनी अनोळखी ठिकाणी शहाणा माणूस जे करतो तेच केलं: शेजाऱ्याचं पाहून केलं. आणि दर वेळी ते बरोबर ठरलं. उठणं बरोबर, बसणं बरोबर, गुडघे टेकणं बरोबर, पैसे टाकणं बरोबर, नमस्कार बरोबर. मग एकदम, काही सूचना नसताना, तेच करणं चूक ठरलं आणि तेही सगळ्यांसमोर.

डोंगरावर असं होत नाही. तिथे पुढच्याचं पाहून केलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबरच येतं. रांग जिथे नेते तिथे सगळ्यांनाच जायचं असतं. मेणाचं घर ठेवायला बाप्तिस्मा लागत नाही. मिस्साची घडण वेगळी आहे. तिच्यात बाहेरच्यालाही मनापासून भाग घेता येईल असं पुष्कळ आहे, आणि एक जागा अशी आहे जिथे नाही. ती जागा यायच्या आधी सांगायला हवं. येऊन ठेपल्यावर सांगितलं तर तोपर्यंत माणूस तुमच्यासमोर हात पसरून उभा असतो.

माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून ती चालू आहे. नऊ बुधवार करायचे म्हणून सगळ्या धर्मांचे लोक येतात, ट्रेन पकडून येतात, उभ्याने करतात. प्रार्थना ठरलेल्या, पुस्तिकेत छापलेल्या. लोकांनी पाठवलेली मागण्यांची आणि आभाराची पत्रं वाचून दाखवली जातात. ऐकणाऱ्याला कळतं की आपल्यासारखीच अडचण घेऊन दुसरंही कुणी आलंय. नोव्हेनापुरता आलेला माणूस नोव्हेना करून निघतो. त्याला कुठे अडवावं लागत नाही.

अर्थात पॅरिशला डोंगराची नक्कल करता येणार नाही. डोंगरावर सगळेच पाहुणे, त्यामुळे पाहुणा उठून दिसत नाही. पॅरिशमध्ये लोक एकमेकांना तीन पिढ्या ओळखतात, एकमेकांच्या मुलांच्या बारशाला आणि म्हाताऱ्यांच्या अंत्यविधीला गेलेले असतात. तिथे परका माणूस दारात पाऊल ठेवताक्षणी परका दिसतो. ही ओळखपाळख आमची श्रीमंती आहे, ती सोडून द्यावी असं मी म्हणणार नाही. पण तिचा भार नवख्यावर पडतो हे खरं.

काय बदललं, काय नाही

सगळ्यांत स्वस्त बदल फाटकात झाला. वॉचमनला सांगितलं, ‘कुणाकडे?’ विचारायचं नाही, ‘या, मिस्सा चालू आहे’ किंवा ‘मराठी मिस्सा इतक्या वाजता आहे’ म्हणायचं. तो बिहारचा आहे, हिंदीत म्हणतो, चालतं. शिवाय त्याला एक खुर्ची वाढवून दिली, म्हातारं कुणी चढ चढून आलं तर दोन मिनिटं बसायला. माझ्या मते आमच्या पट्टेवाल्या स्वागतकांपेक्षा आता तोच जास्त उपयोगी आहे. फळा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत नव्याने रंगवला, आद्याक्षरं काढून भाषांची पूर्ण नावं लिहिली. त्याच फळ्यावर खाली एक ओळ: ‘चपला काढायची गरज नाही; काढायच्या असतील तर डावीकडे जागा आहे.’ ही ओळ कशाला, असं दोघांनी विचारलं. ज्यांनी विचारलं ते जन्मापासून चर्चमध्ये बूट घालून येतात.

मागच्या दोन बाकांचा प्रश्न अवघड निघाला. ती नवख्यांसाठी मोकळी ठेवायची, नेहमीच्या लोकांनी पुढे सरकायचं, असं ठरलं. एका ज्येष्ठ सदस्यांनी स्पष्ट सांगितलं, ‘माझे वडील त्या बाकावर बसत होते.’ यावर कुणापाशी उत्तर नव्हतं. त्यांना तिथेच बसू द्यायचं ठरलं, मात्र शेजारी कुणी नवखं आलं तर पुस्तिकेचं पान काढून देण्याचं काम त्यांच्याकडे. ते त्यांनी मनावर घेतलं आहे. आता ते मिस्साच्या मध्येही कुजबुजून समजावतात, तेही जरा जास्तच.

सूचनेवर सगळ्यांत जास्त वाद झाला. कम्युनियनच्या आधी जाहीर सूचना दिली तर ती पाहुण्यांना दाराबाहेर काढल्यासारखी वाटेल, असं काहींचं म्हणणं. मला उलट वाटत होतं. सगळ्यांना बसल्या जागी सांगितलेली गोष्ट कुणा एकाच्या तोंडावर मारल्यासारखी होत नाही. फादरांनी दोन वेळा बोलायचं ठरवलं. एकदा सुरुवातीलाच, स्वागत करताना; आणि एकदा कम्युनियनच्या आधी, थोडक्यात. मराठी मिस्सातली सूचना गटाने मिळून लिहिली, ती अशी:

‘आज आपल्यासोबत प्रार्थनेला आलेल्या सगळ्यांचं मनापासून स्वागत. आता ख्रिस्तप्रसाद दिला जाईल. तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिकांसाठी आहे. बाकीच्यांनी जागेवर बसून प्रार्थना करावी, किंवा दोन्ही हात छातीवर दुमडून पुढे यावं. फादर तुम्हाला आशीर्वाद देतील.’

पहिल्या मसुद्यात ‘कृपया पुढे येऊ नये’ असं होतं. ते वाक्य एका कॉलेजातल्या मुलीने खोडलं. काय करू नये हे सांगायच्या आधी काय करता येईल ते सांगा, असं तिचं म्हणणं होतं. वय एकोणीस, पण त्या बैठकीतलं सगळ्यांत कामाचं वाक्य तिचं.

दोन सूचना आम्ही नाकारल्या आणि त्या का नाकारल्या ते सांगायला हवं, कारण बऱ्याच ठिकाणी त्या चालतात. पहिली: नवीन आलेल्यांनी उभं राहून नाव सांगावं, लोकांनी टाळ्या वाजवाव्यात. काही मंडळ्यांमध्ये ही पद्धत आहे आणि तिथे ती प्रेमानेच केली जाते. पण काकूंसारख्या बाईला चर्चमध्ये उभं करून नाव वदवून घेणं म्हणजे संध्याकाळपर्यंत इमारतीत चर्चा, आणि सुनेपुढे खुलासा. कुणी मनातली अडचण घेऊन आला असेल, तर ती मनात ठेवायचा त्याला हक्क आहे. दुसरी सूचना फोन नंबर लिहून घ्यायच्या वहीची. हेतू चांगला होता, नाताळचं आमंत्रण पाठवता येईल. पण आजच्या वातावरणात बिगरख्रिस्ती पाहुण्याचा नंबर चर्चने लिहून घेणं त्यालाही अडचणीत टाकू शकतं आणि चर्चलाही. डोंगरावर कुणी नंबर विचारत नाही, तरी लोक दरवर्षी येतात. वही रद्द झाली.

मिस्सानंतर नवख्या माणसाशी कुणी बोलायचं, हे मात्र अजून बसलेलं नाही. एकदा ठरवून तिघं गेले तर पाहुणा घेरला गेल्यासारखा झाला, पुढच्या वेळी कुणीच गेलं नाही. स्वागतगटात नाव घातलं की माणसाच्या चेहऱ्यावर लग्नातल्या यजमानासारखं हसू येतं, ते घालवायला वेळ लागेल.

काकू

काकूंना मी स्वतः मराठी मिस्साला घेऊन गेले. माझं माहेर वसईचं, मिस्सा मी मराठीतच ऐकत मोठी झाले, त्यामुळे शब्द समजावायला मला अडचण नव्हती. मागच्या बाकावर बसलो. कुठे उठायचं ते मी त्यांना आधी सांगितलं, आणि नाही उठलात तरी कुणी काही म्हणत नाही हेही सांगितलं. सूचना झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बसूनच राहिल्या. नंतर एकदा त्या हात दुमडून पुढे गेल्या आणि फादरांनी डोक्यावर हात ठेवला. परत येताना म्हणाल्या, ‘हे आधी सांगितलं असतं तर त्या दिवशी कशाला पळाले असते?’ थोड्या वेळाने, ‘तुमच्याकडे उठबस फार आहे गं, माझे गुडघे नाहीत त्याला.’

दर रविवारी त्या येत नाहीत, येणारही नाहीत. मंगळवार त्यांचा ठरलेला आहे. मुलीच्या घराचा ताबा अजून मिळालेला नाही, तेव्हा बांद्र्याची फेरीही बाकी आहे.

गटापुढे आता नाताळची रात्र आहे. त्या रात्री आवारात गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, पाहायला, फोटो काढायला आजूबाजूची सगळी वस्ती येते, तरुण मुलांचे घोळके येतात, आणि मध्यरात्रीची मिस्सा चालू असताना ते आत-बाहेर करत राहतात. एका बाजूचं म्हणणं, मोठा गोठा फाटकाशेजारी मांडावा, म्हणजे पाहणाऱ्यांना पाहता येईल आणि प्रार्थना करणाऱ्यांना करता येईल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हे लोकांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावणं झालं. मी पहिल्या बाजूची आहे, फक्त गोठ्याशेजारी मेणबत्त्या लावायला एक घडवंची हवी आणि तिथे उभं राहायला कुणीतरी हवं, ‘लावा, चालतं’ म्हणणारं. फादरांनी घडवंचीला होकार दिला आहे. उभं कोण राहणार यावर पुढच्या बैठकीत बोलणं आहे.